कानामागचं हाड

माझी भाची जुई चार वर्षांची आहे. जन्मापासून तिच्या दोन्ही कानांची बाहेरची वाट बंद आहे, म्हणून घरात सगळे तिच्याशी ओरडून बोलतात. त्यात मी सगळ्यांच्या पुढे. "जेवलीस का" एवढं विचारतानाही माझ्या मानेच्या शिरा फुगतात.

परवा दवाखान्यात तिला पट्टी लावून बघायची होती. डोक्याभोवती मऊ पट्टी आणि कानामागच्या हाडावर टेकणारं लहानसं यंत्र. मागच्या खेपेला तिने ती भिरकावली होती. या खेपेलाही काढली तर शाळेचं काय, ही काळजी बहिणीला होती.

"आतला कान चांगला आहे, आवाज हाडातून पोचेल," कान तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या. मला कान बंद करायला लावून त्यांनी श्रवण तपासायचा थरथरणारा धातूचा काटा माझ्या कानामागे टेकवला. आवाज डोक्यात घुमला.

"दादाच्या डोक्यात एकदाचं काहीतरी शिरलं," बहीण म्हणाली.

दार बंद दिसलं की माणूस त्याच दारावर आणखी जोरात थापा मारतो. शेजारच्या भिंतीतूनही आवाज आत जातो, हे त्याला सुचत नाही.

पट्टी लावताच जुईचा हात वर गेला. मी ओरडणार, तोच मॅडमनी खूण केली. मग हळूच म्हणालो, "जुई, ऐकू येतंय?"

तिचा हात थांबला. माझ्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, "मामा, आज रागावला नाहीस?"

"मी कधीच रागावत नव्हतो गं," हे सांगतानाही माझा आवाज चढलाच. पट्टी मात्र तिने काढली नाही.