सूरजबाईंच्या डोक्यावरची तुळई

माझे आजोबा सावळेराम सुतार ओतूरचे. विहिरीत उतरून नाग बाहेर काढणारा हा माणूस तांदळाच्या दाण्याएवढ्या भुंग्याला घाबरायचा. हसू नका. लाकडाच्या पोटात राहून लाकूडच खाणारा तो किडा. त्याला वेगळं नावही आमच्याकडे कुणी दिलं नाही, नुसतं ‘भुंगा लागला’ म्हणायचं.

१९०९ साली इंदरचंदशेठचं नवं घर आखातीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्ताला उभं राहायचं होतं. सुताराचा नेम असा, की लाकूड अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचं. चांदण्यात तोडलेल्याला भुंगा लागतो. शेठची घाई झाली. माजघराच्या तुळईसाठी आजोबांनी आंब्याचं झाड चैत्राच्या चांदण्या पंधरवड्यातच पाडलं आणि कुणाला बोलले नाहीत.

वर्षाच्या आत तुळईखाली पिवळसर पीठ पडायला लागलं. तिथंच शेठच्या म्हाताऱ्या आई, सूरजबाई, रोज सकाळी सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसायच्या. तोंडाला मुहपत्तीची पट्टी, समोर वाळूचं घड्याळ, आणि वाळू संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. कडी-कोयंड्याचं निमित्त काढून आजोबा रोज जायचे, गुपचूप पीठ पुसायचे, चौरंगावर चढून तुळईला कान लावायचे. रॉकेल पाजावं तर जैनाचं घर, किडा मारू देतील कसे? तुळई काढू म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. म्हातारीचा जीव टांगणीला आणि यांना अब्रू मोठी. मला अजून राग येतो.

एका सकाळी ते दारात असतानाच तुळई कडाडली आणि मधोमध बोटभर खचली.

“बाई, उठा,” आजोबांचा आवाज फाटला. “तुळईला भुंगा लागलाय. म्या चांदण्यात तोडली व्हती. चूक माझी हाय.”

सूरजबाईंनी डोळे उघडले नाहीत. अर्धी वाळू अजून वरच होती. हाताला धरून ओढावं, तर परपुरुषाचा स्पर्श झाला की त्यांचं व्रत मोडतं. आजोबा चौरंगावर चढले आणि तुळईला खांदा लावून उभे राहिले. डोळ्यांत पीठ पडत होतं. वाळू काही संपेना.

शेवटी ती संपली. सूरजबाईंनी मुहपत्ती सोडली, वर पाहिलं आणि मुलाला हाक मारली. “इंदर, टेकू आण. आधी याला खाली घे.”

खाली उतरून आजोबा भिंतीला टेकले. आता हाकलतील, गावभर बोभाटा करतील, असंच त्यांना वाटत होतं.

“सावळेराम, ही तुळई आजच उतरव,” सूरजबाई म्हणाल्या. “सावकाश. रानात सावलीला नेऊन ठेव. आत जीव आहेत.”

चौघांनी ती खांद्यावरून नेली. पुढे आजोबा होते. वर्षभर ज्या किड्यांनी त्यांची झोप उडवली होती, त्यांना धक्का लागू नये म्हणून ते एकेक पाऊल जपून टाकत होते.