लाइनवाला रेंजर होतो

पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनवर आमच्या लाइनवाल्याने एकतीस वर्षं गस्त घातली. रोज अकरा मैल, एकटा. ओली माती आणि वाकलेलं गवत पाहून तो गळती सांगायचा. मी त्याच लाइनच्या पंपावर कामाला होतो. त्याने सांगितलेली जागा कधी चुकली नाही.

रिटायर झाल्यावर त्याला बोलायला भिंतीच उरल्या. म्हणून पुतणीने त्याला रविवारच्या खेळात ओढलं. ती गोष्ट सांगते आणि बाकीचे टेबलाभोवती बसून, एकेक सोंग घेऊन तोंडीच खेळतात. याला तिने रेंजर केलं, म्हणजे रानात माग काढणारा तिरंदाज. मीही सोबतीला जाऊन बसलो.

गोष्टीतल्या रानात माग सापडला तसा हा एकटाच निघाला आणि पुढे पुढे जातच राहिला. त्याचंच चाललंय म्हणून बाकीचे तिघे खेळणारे फोन बघत बसले. मग गोष्टीत मागे राहिलेल्या त्यांच्या सोंगांवर लांडगे तुटून पडले आणि पुतणीच्या मैत्रिणीची जादूगारीण मेली.

"काका, तुम्ही होतात कुठे?" मैत्रिणीने विचारलं.

"पुढे. माग बरोबर होता."

"मग त्या मागाचं आता लोणचं घाला."

पुतणी हसली नाही. "काका, बाण कुणीही मारतो. पुढचं बघून मागच्यांना नीट नेतो, तो रेंजर. तुम्ही नुसते गेलात."

मला वाटलं, हा आता उठून जाईल.

"लाइनवर मागे कुणी नसायचंच," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "या रानात हाक किती लांब ऐकू जाते?"

"पन्नास पावलं."

"मग मी पन्नासच्या आत राहतो."