बिनअंड्याचा केक

माझा भाऊ हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले. माय कुरुंद्याला चुलत्याच्या घरात राहून शेतात राबायची, त्यामुळं हा माझ्याच कडेवर वाढला. माझं सासर हिंगोलीत, म्हणून नोकरी लागल्यापासून दर शुक्रवारी तो माझ्याकडं जेवायला यायचा; तेव्हा सरकारी सुट्टी शुक्रवारची असायची. अशाच एका शुक्रवारी जेवण झालं, हात धुतले आणि दारातच उभा राहून तो म्हणाला, "अक्का, मी लग्न करणार हाय."

मुलगी त्याच्याच दवाखान्यात नर्स होती. ख्रिस्ती. लहानपणी कोणीतरी तिला मिशनच्या दारात सोडून गेलं होतं. तिथंच ती वाढली, तिथंच शिकली. मला सांगायच्या आधी तो कुरुंद्याला जाऊन आला होता. चुलत्यानं त्याला ओट्यावरूनच परतवून लावलं. मायनं तोंडाला पदर लावला आणि ती आत गेली. होही म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

"तिच्याकडून कोणी न्हाई, माझ्याकडून कोणी न्हाई," तो म्हणाला. "तू तरी उभी राहा."

मी नवऱ्याला विचारलं. ते शाळेत मास्तर होते, भले होते आणि भित्रे होते. "जा," ते म्हणाले, "फक्त मला विचारून गेलीस असं कोणाला सांगू नको."

लग्नाची त्या मुलीची एकच हौस होती. मिशनमध्ये मोठ्या मुलींच्या लग्नात तिनं केक पाहिला होता, तसा आपलाही असावा. हिंगोलीची इंग्रजी छावणी कधीच उठून गेली होती, पण तिच्या मागं गोऱ्यांचं एक कबरस्तान आणि एक पावभट्टी तेवढी राहिली होती. भट्टीवाला म्हातारा मुसलमान होता. त्याच्या वडिलांनी साहेबांसाठी केक भाजले होते. आम्ही तिघं दुपारचे त्याच्याकडं गेलो. मी पदर पुढं ओढून घेतला होता; कोणी ओळखीचं दिसेल या भीतीनं माझं अर्धं लक्ष रस्त्याकडंच होतं.

म्हाताऱ्यानं माळ्यावरून पत्र्याचे तीन साचे काढले, फुंकर मारून धूळ उडवली आणि ओळीनं मांडले. "कितने लोग आएंगे?"

भावानं बोटांवर मोजलं. "अकरा."

मुलीनं सगळ्यात लहान साचा उचलला. तो जेमतेम आमच्या पितळी ताटलीएवढा होता. मी म्हटलं, "मधला घे गं, लग्न एकदाच व्हतं." ती हसली आणि पिशवीतून एक डबा काढून तिनं म्हाताऱ्यापुढं ठेवला. लढाईचे दिवस होते, साखर कंट्रोलवर मिळायची. चार महिने बिनसाखरेचा चहा पिऊन तिनं ती साठवली होती. "एवढ्यात बसेल तेवढाच करा, चाचा," ती म्हणाली. वरून पांढरा साखरेचा लेप हवा होता तिला, आणि आत बेदाणे. लेपासाठी साखर वेगळी काढली तर आत गोडी कमी पडेल, असं म्हाताऱ्यानं सांगितलं, तेव्हा तिनं डब्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "आत थोडी कमी चालेल. दिसायला पांढरा पाहिजे."

म्हातारा अंड्यांचा हिशेब सांगायला लागला तसा भाऊ मध्येच बोलला, "अंडं घालू नका."

"बगैर अंडे का केक नहीं होता, बेटा. मीठी रोटी होती."

मुलीनं भावाकडं पाहिलं. "काहून?"

"मायच्या गळ्यात माळ हाय," तो म्हणाला. "एक तुकडा तिच्यासाठी पाठवीन म्हणतो."

तिनं लहान साचा म्हाताऱ्याकडं सरकवला. म्हणाली, "मीठी रोटीच करा, चाचा."

मुसलमानाच्या भट्टीतलं, ख्रिस्ती सुनेच्या लग्नातलं माय तोंडात घालणार नाही हे मला उघड दिसत होतं. त्याला अंडं एवढीच अडचण दिसत होती.

लग्नाच्या दिवशी केक मधोमध खचलेला आला. म्हाताऱ्यानं खड्ड्यात जरा जास्त लेप भरला होता आणि स्वतः घेऊन येऊन तो हात जोडून माफी मागत होता. मुलगी म्हणाली, "लई चांगला झालाय." तिनं पहिला तुकडा कापला तो कोणालाही दिला नाही. पांढऱ्या रुमालात बांधून तो माझ्या हातात ठेवला.

तिसऱ्या दिवशी मी रेल्वेनं वसमतला उतरले आणि तिथून बैलगाडीनं कुरुंद्याला गेले. चुलता शेतात होता. मायपुढं रुमाल सोडला. "ह्याच्यात अंडं न्हाई, माय. तुझ्यासाठी मुद्दाम."

मायनं रुमालाला हात लावला नाही. पोरगी उंच आहे का, भाकरी थापता येते का, पोरगा वाळला का, सगळं विचारलं. मग म्हणाली, "ठेव तिथं कोनाड्यात."

सकाळी उठले तर कोनाड्यापासून उंबऱ्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. माय समोर भिंतीला टेकून बसली होती. मी झटकायला उठले तर म्हणाली, "राहू दे. त्यांना काय बाट लागती?"

हिंगोलीला आले तर भाऊ स्टेशनवरच उभा. "खाल्ला का मायनं?" त्याचा चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून निघालं, "व्हय. सगळा खाल्ला."

त्या एका शब्दावर दिवाळीत ती दोघं कुरुंद्याला गेली. मला सांगितलंसुद्धा नाही, मला चकित करायचं होतं म्हणे. तिनं मायसाठी लुगडं घेतलं होतं. चुलत्यानं साऱ्या गल्लीसमोर तिला नाही नाही ते ऐकवलं आणि दार लावून घेतलं. माय आतच होती.

परत आल्यावर तो माझ्याकडं आला. बसला नाही. "अक्का, खरं सांग. खाल्ला होता का तिनं?"

मी मान खाली घातली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "बरं," एवढंच म्हणाला आणि गेला. पुढच्या शुक्रवारी मी दोन वेळा भाकरी गरम केली. त्यानंतर तो आलाच नाही. वर्षाच्या आत त्यानं बिदरकडं बदली मागून घेतली.

तिकडंच तो विषमज्वरानं गेला. कार्ड आलं तोवर पंधरा दिवस उलटले होते. चुलताही तोवर वारला होता. मी कार्ड घेऊन मायकडं गेले आणि वाचून दाखवलं. माय रडली नाही. पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "तिच्याजवळ कोण हाय आता?"

"कोणी न्हाई."

"जा, घेऊन ये तिला."

मी गेले. दवाखान्याच्या आवारातल्या एका खोलीत ती राहत होती. खूप वाळली होती. तिनं मला जेवू घातलं, रात्री तिच्या शेजारी मी झोपले, दोघी मिळून रडलो. पण निघायचं नाव काढलं तशी म्हणाली, "आता कोणाच्या नात्यानं येऊ, अक्का? ते व्हते तवा बोलवायचं व्हतं." तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. दोन दिवस राहून मी एकटीच परत फिरले.

कुरुंद्याला बैलगाडी घरापाशी थांबली तेव्हा माय ओट्यावर उभी होती. मी खाली उतरले. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या मागं, गाडीत बघत होती.