जिन्यातली लाल बादली

नवरात्रात घटाच्या ओल्या मातीचा वास आला की राइट टाउनमधल्या आमच्या इमारतीचा जिना आठवतो. आगीसाठी नियमाने तिथे टांगलेली वाळूची लाल बादली आई त्या वर्षी घरात घेऊन आली. “काहून उगीच पडून राहिली? देवीच्या कामी येईल,” म्हणत तिने घटाच्या मातीत ती वाळू मिसळली, गहू पेरले, आणि मी हसलो. पाचव्या माळेला जिन्याखालच्या मीटरने पेट घेतला. “बाल्टी किधर गई?” शेजारचे काका ओरडले. शेवटी मेन स्विच पाडून त्यांनी गोणपाटाने आग दाबली, तेव्हा त्यांचा हात भाजला. मलम घ्यायला ते आमच्याकडे आले, तर हिरव्यागार घटाशेजारी लाल बादली.  चपला काढून भाजल्या हातानेच त्यांनी देवीला नमस्कार केला. आता घट मीच बसवतो, पण देवीकडे मान वर करून बघवत नाही.