टाइमआऊट मामा

नागभीडला आमच्या कॉलेजच्या मैदानासमोर मामाचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा मामाचा आवाज मोठा होता. बास्केटबॉलची मॅच सुरू झाली की हातातलं तांब्याच्या तारेचं भेंडोळं तसंच धरून तो रस्ता ओलांडे, मैदानाच्या कुंपणाच्या जाळीशी उभा राही आणि ओरडे, "टाइमऔट घ्या ना वो, टाइमऔट." हा आवाज रेल्वे फाटकापर्यंत जातो असं लोक सांगत. आम्ही जिंकत असलो तरी त्याला टाइमआऊट हवा असे, हरत असलो तर हवाच असे. म्हणून गावानं त्याचं नाव टाइमआऊट मामा ठेवलं. तो माझा सख्खा मामा. मी त्याच्याच घरी राहून शिकत होते आणि त्याच टीममधून खेळत होते. तो ओरडायला लागला की मी जाळीकडं पाठ करून उभी राहायची.

मामानं आयुष्यात कधी बास्केटबॉल खेळला नव्हता. कोणी तसं तोंडावर बोललं तर तो म्हणे, "मी मोटारीत तरी कुठी शिरलो होतो? आवाज ऐकून सांगतो, कोणती कॉइल जळाली ते. टीमचंबी तसंच रायते." आणि आम्हा मुलींवर त्याचा जीव होता, हे मी नाकारणार नाही. वादळात रिंग वाकली तेव्हा कॉलेजनं ती तशीच ठेवली होती. मामानं स्वतःची शिडी आणून, उन्हात वर चढून ती वेल्डिंग करून दिली. प्रॅक्टिसच्या दिवशी मामीकडून भिजवलेले चणे आणि गुळाचा डबा तो न विसरता पाठवायचा. टीममधल्या प्रत्येक मुलीला तो तिच्या गावाच्या नावानं हाक मारी. "ए तळोधी, आज लंगडून काऊन राह्यली?" असं विचारणारा गावात दुसरा कोणी नव्हता.

संध्याकाळी त्याच्या दुकानापुढच्या बाकड्यावर चर्चा बसे. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डकाका, किराणावाले, कॉलेजचे एक-दोन माजी विद्यार्थी. धानाचे भाव, मोटारी, लग्नं हे सगळं बोलून झालं की गाडी आमच्यावर यायची. मामा एका टोकाला, गार्डकाका दुसऱ्या टोकाला. मामा म्हणाला, डिफेन्स बदला, की गार्डकाका म्हणणार, बदलू नका. गार्डकाकांना कमी ऐकू येई, त्यामुळे मामाचा आवाज आणखी चढे, आणि मी दुकानामागच्या घरात मामीला स्वयंपाकात मदत करताना माझ्याच चुकलेल्या शॉटची चिरफाड ऐकत असे.

ज्या हिवाळ्याबद्दल मी सांगते आहे, त्या वर्षी आसपासच्या कॉलेजांनी मिळून साखळी सामने ठरवले होते. दर रविवारी एक मॅच, कधी आमच्या मैदानावर, कधी ब्रह्मपुरीला, कधी चंद्रपूरला. आमच्या कोच मॅडम त्याच वर्षी तासिका तत्त्वावर आल्या होत्या. कुरखेड्याच्या पलीकडच्या एका गोंड गावातल्या. विद्यापीठाकडून खेळलेल्या, उंच, फार कमी बोलणाऱ्या. आईचा फोन आला की त्या बाजूला जाऊन गोंडीत बोलत आणि तेव्हाच काय त्या मोठ्यानं हसत.

आम्ही हरायला लागलो. पहिली मॅच हरलो तेव्हा बाकड्यावर सगळे म्हणाले, टीम नवी आहे. दुसरी हरलो तेव्हा म्हणाले, रेफरी त्यांचा होता. त्यानंतर कारणं संपली आणि सगळ्यांची नजर मॅडमकडं वळली. मामाचं म्हणणं असं, की बाई टाइमआऊटमध्ये काही सांगतच नाही. "मी जाळीतून पाहून राह्यलो ना. थे उभी रायते आणि पोट्ट्याच बोलतेत. कोच कोण आहे मंग?" गार्डकाका म्हणाले, "हंगाम अर्धाबी नाई झाला. धान लावून आठ दिवसांत कापतो का तू?" पण त्या दिवसांत गार्डकाकांचं कोणी ऐकत नव्हतं. व्हॉट्सअॅपवर 'आपली टीम' नावाचा ग्रुप होता, त्यावर रोज मॅडमना काढा असं कोणी ना कोणी लिहीत होतं.

एका संध्याकाळी मी आणि मॅडम बॉलमध्ये हवा भरायला दुकानाकडं गेलो. कॉम्प्रेसर गावात मामाकडंच होता. बाकड्यावरची मंडळी आमच्याकडं पाठ करून बसली होती. आम्ही पायरीपाशी पोचलो आणि मामा बोलला. त्याच्या नेहमीच्या आवाजात बोलला.

"मोहफुलं येचणाऱ्या बाईले काय समजते बास्केटबॉल? जंगलात पाठवा तिले वापस."

दोघंतिघं हसले. मग कोणाचं तरी मागं लक्ष गेलं आणि हसू थांबलं. मामा वळला. माझ्या कानशिलांतून वाफा निघाव्या तसं झालं. मॅडमकडं बघायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून मी मामाकडं बघितलं, आणि ते जास्त वाईट होतं. तो उठून उभा राहिला होता आणि त्याचे हात आपसूक पँटला पुसले जात होते.

मॅडमनी बॉल पुढं केला. "भाऊ, हवा भरून द्या."

मामानं हवा भरली. बॉल दाबून बघितला, परत दिला. मॅडम "येते" म्हणून निघाल्या. रस्ता ओलांडेपर्यंत मी त्यांच्या मागं चालत होते.  त्या रात्री मी अर्धं ताट तसंच ठेवून उठले. मामीनं विचारलं, बरं नाही का. मामा ताटाकडं बघत जेवत होता.

तेवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित झाकून गेलं असतं. पण बाकड्यावरच्या कोणीतरी ते वाक्य गंमत म्हणून ग्रुपवर टाकलं. लोकांनी त्यावर हसरे चेहरे टाकले. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा हरलो आणि सोमवारी प्राचार्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं, उद्यापासून येऊ नका, गावाचं फार दडपण आहे. मॅडम त्याच दिवशी वडश्याच्या बसनं गावी गेल्या. प्रॅक्टिसला आम्ही आलो तेव्हा मैदानावर कोणीच नव्हतं.

प्राचार्यांना तर कोच हवा होता. त्यांनी मामाला बोलावलं. "तुम्हाला एवढं कळतं, तर चंद्रपूरची मॅच तुम्हीच सांभाळा." मामा नाही म्हणू शकला नाही. त्याला थोडा आनंदही झाला असावा. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

चंद्रपूरच्या पोरी आमच्यापेक्षा वेगवान होत्या. पहिल्या काही मिनिटांतच आम्ही मागं पडलो, आणि मामानं हात वर करून टाइमआऊट घेतला. आयुष्यातला त्याचा पहिला टाइमआऊट. आम्ही धापा टाकत त्याच्याभोवती गोळा झालो. त्यानं तोंड उघडलं. "जोर लावा, पोट्ट्यांनो," तो म्हणाला. मग आणखी एकदा म्हणाला, "जोर लावा." पुढं त्याला काही येईना. आमची कॅप्टन मनीषा म्हणाली, "मामा, त्यांच्या उंच पोरीले कोनं पकडाचं?" मामानं आमच्या तोंडांकडं एकेक करून बघितलं. घाम त्याच्याच कपाळावर जास्त होता.

मग माझ्याकडं वळून त्यानं हळूच विचारलं, "मॅडम काय सांगत होत्या अशा वक्ती?"

"त्या सांगत नव्हत्या, मामा," मी म्हटलं. "त्या विचारत होत्या. तुमाले काय दिसून राह्यलं, असं. मग आम्ही सांगायचो."

शिट्टी झाली. आम्ही आत गेलो. किती हरलो ते सांगण्यात अर्थ नाही. चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनवरून गोंदियाच्या गाडीत बसलो तेव्हा मुली झोपल्या आणि मामा नागभीड येईपर्यंत दाराजवळ उभा राहिला.

दोन दिवसांनी तो मला म्हणाला, "पोरी, माह्यासंग कुरखेड्याले येतं का? एकट्यानं नाई जमणार मले." आम्ही बसनं निघालो, वडश्याला बदललो, कुरखेड्यापासून पुढं एका काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसलो. मॅडमचं घर विचारत विचारत सापडलं. खळ्यावर धान चुरणं, म्हणजे मळणी, सुरू होतं. मॅडम डोक्याला रुमाल बांधून तणसाचा पेंढा ओढत होत्या. आम्हाला बघून त्या थांबल्या, पण पुढं आल्या नाहीत. त्यांची आई पुढं आली. "जोहार," म्हणाली, आणि आम्हाला खाट टाकून दिली. पाहुणे कोण, काय बोलले होते, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं कोरा चहा आणला, वर मुरमुरे. मामानं चहा बशीत ओतून संपवला.

मॅडम आल्या, समोर बसल्या. मामानं बरंच काही ठरवून आणलं होतं. बोलला एवढंच, "बाई, चुकलो मी. वापस चला. पोट्ट्या वाया चालल्या."

मॅडमनी आईकडं बघितलं. ती आत गेल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, इथी माफी मागणं सोपं आहे. इथी कोन ऐकून राह्यलं? माह्या मायले मराठी बरोबर समजत नाई. तुम्ही जिथी बोलले, तिथी बोला."

परतीच्या वाटेवर मामा मला म्हणाला, "खरं सांगू का पोरी? त्या दिवशी पकडल्या गेलो म्हणून लाज वाटली होती. बोललो म्हणून नाई. तिच्या मायच्या हातचा चहा पेलो, तवा बोलल्याची लाज वाटली."

मामानं प्राचार्यांना जाऊन सांगितलं, मला जमत नाही, मॅडमना बोलवा. प्राचार्यांकडं दुसरं कोणी नव्हतंच. मॅडम परत आल्या त्या दिवशी संध्याकाळी मैदानावर जाण्याआधी दुकानासमोर आल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मी त्यांच्या शेजारी होते. बाकडा भरलेला होता. मामा उठला. सगळ्यांना वाटलं, तो आता गिऱ्हाईक बघायला चालला.

"मी ह्या मॅडमबद्दल घाण बोललो होतो," मामा म्हणाला. आवाज इतका खाली, की माझ्यापर्यंत जेमतेम आला.

"काय म्हणून राह्यला?" गार्डकाकांनी कानाला हात लावून विचारलं. "आईकू नाई आलं, बापा. पुन्हा बोल."

त्यांनी मुद्दाम विचारलं नव्हतं. पण मामाला पुन्हा बोलावं लागलं. त्यानं खांबाला हात टेकला आणि या वेळी पूर्ण आवाजात बोलला. "मी मॅडमबद्दल, त्यायच्या जातीबद्दल घाण बोललो. ते चूक होतं. मले बास्केटबॉल समजत नाई आणि माणूसबी समजला नाई." पलीकडच्या पानठेल्यावरची माणसं वळून बघायला लागली. एक पोरगा हसला. मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं, आणि तरी मी तिथून हलले नाही.

मॅडम म्हणाल्या, "झालं." मग मला म्हणाल्या, "चल, पोट्ट्या वाट पाहून राह्यल्या."

त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. उरलेल्या हंगामात आम्ही ब्रह्मपुरीला एक मॅच जिंकलो, बाकीच्या हरलो. मामाच्या बाकड्यावरची बैठक मात्र मोडली. लोक म्हणाले, यानं आपली सगळ्यांची इज्जत घालवली. हसलो तर आपणही होतो, मग याला एकट्याला साधू व्हायची काय गरज? ग्रुपवरून तो स्वतःच निघाला. मॅचला येई, पण जाळीशी नाही. पाण्याच्या टाकीच्या मागं उभा राही. एकदा आम्ही फार वाईट खेळत होतो तेव्हा त्याचं तोंड उघडलेलं मी लांबून बघितलं. त्यानं ते मिटलं. तो ओरडत होता तेव्हा मला लाज वाटे, आणि तो गप्प उभा आहे हे बघतानाही वाटली. एकटे गार्डकाका रोज येत राहिले. 

मॅडम वर्षअखेरीस एका आश्रमशाळेत कायम झाल्या आणि गेल्या. मीही पुढं शिकले, आता वडश्याला एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, मुलींची टीम माझ्याकडं आहे. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मामा गेला. जेवून हात धुवायला उठला आणि मोरीपाशीच खाली बसला.

तेरवीला मॅडम आल्या. कोणी कळवलं मला माहीत नाही. बायकांत बसल्या, मामीचा हात हातात घेतला, जेवल्या. मी त्यांना सोडायला बसस्टँडवर गेले. वाटेत मला मामाबद्दल विचारायचं होतं. त्यांना ते कळलं असावं.

"तुह्या मामाले माफ केलं का, ते मले अजून माहीत नाई," त्या म्हणाल्या. "पण यावंसं वाटलं, आली."

बस लागली होती. खिडकीशी बसून त्यांनी विचारलं, "तुह्या पोट्ट्या कशा खेळून राह्यल्या यंदा?"

"हरून राह्यल्या, मॅडम. लोक फार बोलून राह्यले."

"कोणाले बोलून राह्यले? तुले का पोट्ट्यायले?"

"मले."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुह्यापाशीच थांबू दे ते. पोट्ट्यायपर्यंत जाऊ देऊ नको."

बस निघून गेली तरी मी तिथंच उभी होते. त्या हिवाळ्यात हरलो आम्ही होतो, रविवारमागून रविवार, आणि हरण्यावरून आम्हाला गावात कोणी एक शब्द बोललं नव्हतं; ते सगळं मॅडमपाशीच थांबलं होतं.