बार्तोलने कोरून घेतलेलं साल

सावा नदीच्या काठच्या आमच्या गावात माणूस जिवंतपणीच आपल्या थडग्याचा दगड उभा करतो. नाव आणि जन्मसाल कोरून घेतो, शेवटच्या सालाची जागा कोरी ठेवतो. बार्तोलने तीही भरून टाकली.

त्याला हसावं तरी कसं? आमच्याकडे काही घरांत माणसांची मूत्रपिंडं हळूहळू वाळत जातात. त्याची आई त्यातच गेली, थोरला भाऊही. त्या उन्हाळ्यात बार्तोलचे पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला, आणि वर्ष सरायच्या आत आपण जाणार हे त्याने ठरवून टाकलं. पाथरवट गावात आलेला होताच.

डुकरं कापण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आपला लांब सुरा त्याने मला देऊन टाकला. मग त्याची बायको रेझा त्याला ओढत शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी नडगी दाबली. खळगा पडला.

"तुमच्या गावच्या रोगात पाय असे सुजत नाहीत," त्या म्हणाल्या. "सुईने मूत्रपिंडाचा कण काढून तपासू. मग नक्की कळेल."

"कशाला, बाई? साल कोरून झालंय."

"पाथरवटाला एवढं कळत असतं तर त्यालाच दाखवलं असतं तुला," रेझा म्हणाली. "हो पालथा."

हिवाळाभर अंगणाअंगणांत सुरा चालवणाऱ्या या माणसाने डोळे घट्ट मिटले, श्वास रोखला. सुईचा खटका वाजला.

"किती घेतलंत?"

"शेवईच्या तुकड्याएवढं."

"एवढ्यात काय कळणार? यात मांजराचंही भागायचं नाही."

मग सकाळपर्यंत हलायचं नाही, उताणंच पडून राहायचं. रेझा शेजारी सफरचंद सोलत बसली. दगडावर कोरलेलं साल दोघांच्याही डोळ्यांपुढे होतं.

आठवड्याने निकाल आला. गावचा रोग नव्हताच. त्याचं शरीरच मूत्रपिंडाच्या गाळणीवर उलटलं होतं; औषधांनी आवरेल, बाई म्हणाल्या. बार्तोल घरी जायच्या आधी माझ्या दारात आला.

"सुरा दे."

"दिलेली वस्तू परत मागतोस?"

"मेल्यावर घे."

दगडावरच्या सालावर त्याने सिमेंट थापलं. पण थंडीत ते तडकतं, आणि नदीकाठच्या झाडांना पालवी फुटते तेव्हा साल पुन्हा वर येतं. मग रेझा सकाळच्या गोळीशेजारी थापी ठेवते.

"जा," म्हणते, "परत मेलायस तू."