नारळ फोडलेला ट्रक

रविवार, पौष महिना, सकाळचे सव्वासहा. ठिकाण : लातूरचं बसस्थानक. हजर : मी, माझे यजमान मन्मथअप्पा आणि आमच्या डाळमिलचे ड्रायव्हर महेबूब मामू. गैरहजर : मिलचा जुना ट्रक. तो दिवाळीनंतर भंगारात गेला. तुरीचा हंगाम सुरू झालेला, आणि मोंढ्यातल्या धान्यबाजारातून मिलपर्यंत पोती आणायला आम्ही रोज टेम्पोवाल्यांच्या विनवण्या करत होतो. अशा वेळी शहाणी माणसं जुन्या गाड्यांच्या बाजारात जातात. आम्ही नांदेडला निघालो होतो, सिनेमातल्या गाड्यांच्या लिलावाला. येताना ट्रकनंच यायचं, म्हणून जाताना एसटी.

विष्णुपुरीजवळ एका मारधाडीच्या सिनेमाचं चित्रीकरण झालं होतं. सिनेमा कुणी पाहिला नाही, म्हणून त्यातल्या गाड्या विकायला निघाल्या. यजमानांनी मात्र तो तीनदा पाहिला. नायिकेचं नाव विचारलं तर सांगता येणार नाही, त्यातल्या ट्रकची चाकं मात्र झोपेतही मोजतील.

"दहा चाकी आहे," ते एसटीत म्हणाले. "आपल्याला ट्रकच पाहिजे ना?"

"माल वाहणारा पाहिजे."

"मग हा काय पालखी वाहतो का?"

अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. यजमान भजी आणायला उतरले, तेवढ्यात मामूंनी मला जगजाहीर गुपित सांगितलं. "भाबी, मालकाला डायवर व्हायचं होतं. मोठ्या मालकानं कान धरून गादीवर (दुकानात मालकाची बसायची जागा) बसिवलं. तवापासून ट्रक आला की हे काटा सोडून बाहेर येतेत."

ते बाहेर जातात तेव्हा तो वजनाचा काटा मीच सांभाळते. सव्वीस वर्षं झाली. भजी मात्र गरम होती.

लोह्याच्या पुढे दोन्ही बाजूंना तूर कापणीला आलेली. नंतर विष्णुपुरीचं धरण आलं. गोदावरीचं एवढं पाणी सोडून यजमानांनी मला एक माळरान दाखवलं. तिथं ट्रकनं पाच जिपा उडवल्या होत्या म्हणे.

लिलाव नांदेडच्या बाहेर, एका गोदामाच्या पटांगणात होता. नायकाची जीप, खलनायकाची काळी मोटार आणि मधोमध तो ट्रक. लाल, उंच, कपाळावर घोड्यांचं चित्र. मी पिशवीतून चौदा मुद्द्यांची यादी काढली आणि मामूंना कामाला लावलं. इंजिन चांगलं. कागदपत्रं बरोबर. टायर बरे. ब्रेकबद्दल मामू म्हणाले, "लागतो, पर इचार करून." भोंगा अव्वल दर्जाचा, निम्मं पटांगण दचकलं. हौदा मात्र प्लायवुडचा निघाला, वरून लोखंडाचा रंग. त्यावरची गोळ्यांची भोकंसुद्धा रंगवलेली.

"यात काय भरायचं? कापूस?" मी विचारलं.

यजमानांनी हौद्यावर टिचकी मारली. आवाज ऐकला. मग हळूच म्हणाले, "नको. जाऊ द्या."

सव्वीस वर्षांत ते इतक्या लवकर कधी ऐकले नव्हते. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"तेवढा नारळ फोडून घेतो," ते म्हणाले. "पूजेला काढलेला नारळ घरी परत कसा न्यायचा?"

"वापस नेऊ नये भाबी," मामूंनी दुजोरा दिला.

चपला काढून यजमानांनी बंपरवर विभूतीची तीन बोटं ओढली, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. आमच्यात प्रसाद एकट्यानं खायची रीत नाही, म्हणून खोबऱ्याचे तुकडे पटांगणभर वाटले. पहिला तुकडा बालाजीरावांना. हे नांदेडचे मंगल कार्यालयवाले. नवरा-नवरीच्या फोटोसाठी त्यांना हाच ट्रक दारात उभा करायचा होता.

जीप गेली, मोटार गेली. लिलाव पुकारणाऱ्यानं ट्रकची बोली उघडली. शांतता. त्यानं पुन्हा पुकारा केला. तरी शांतता.

"बोला की बालाजीराव!"

"मी कसा बोलू? खोबरं खाल्लो ना त्यांचं. पूजा ज्याची, गाडी त्याची."

"आम्हीबी खाल्लो," मागून कुणीतरी म्हणालं. पुकारणाऱ्याच्या गालातही तुकडा होताच. "मालक," तो यजमानांकडे वळला, "गाडीला नारळ फोडून तशीच सोडून चाललात का? कुणीच घेऊन नाही राहिलं आता."

पटांगण यजमानांकडे बघत होतं आणि यजमान माझ्याकडे. डाव असता तर मी ओळखला असता. तोंड खरोखर उतरलं होतं. फुटलेल्या नारळापुढे चौदा मुद्द्यांना कोण विचारतो?

"हात वर करा," मी म्हणाले.

ट्रक पहिल्याच बोलीत आमचा झाला. बालाजीरावांनी यजमानांना मिठी मारली, आणि लग्नांच्या तारखा काढून ट्रक भाड्यानं मागितला.

एका मिस्त्रीनं दोन तास घेऊन ब्रेकला विचार करायचं सोडायला लावलं. तोवर आम्ही तहरी (भाज्या घातलेला मसालेभात) खाल्ली. मग तिघं केबिनमध्ये. मला वर चढवायला दोन माणसं आणि एक स्टूल लागलं. लोह्यात लोकांनी ट्रक अडवून फोटो काढले. सिनेमा कुणीच पाहिलेला नव्हता, पण त्यानं कुणाचं अडलं नाही. पोरंटोरं हात करत होती; मीही दोनदा हात केला, तोंड गंभीर ठेवून.

मोठ्या ट्रकात असतं काय, हे मी त्या दिवशी समजून घेतलं. उंची असते. कुंपणापलीकडची तूर थेट बांधापर्यंत दिसते, आणि ज्या काट्यावर माणूस जन्मभर वाकून बसतो, तो तिथून दिसत नाही. अहमदपूरपर्यंत यजमानांनी भोंगा तेवढा वाजवला.

लातूरचा मिस्त्री म्हणतो, प्लायवुड काढून लोखंडी हौदा बसवला की आठवड्याभरात ट्रक तूर वाहू लागेल. म्हणजे मोंढ्यातल्या बाकीच्या ट्रकांसारखाच एक होईल. यजमान रोज सकाळी दहा मिनिटं केबिनमध्ये बसतात आणि मग काट्यावर जातात. पोती अजून टेम्पोनंच येतात. हौदा कधी उतरवायचा, हे त्यांना विचारायचं काम माझ्याकडे आहे. आज आठवा दिवस. अजून विचारलेलं नाही.